'ईव्हीएम हॅक झालं' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाशी वाद कसा घालावा?

तुमचा प्रश्न असा की समोरचा माणूस ठामपणे 'निकाल मशिनमधूनच फिरवला' म्हणतो आणि आपण काहीही सांगितलं तरी नवा व्हिडिओ टाकतो, तेव्हा काय करायचं?

सगळ्यात आधी त्याला 'हॅक' या शब्दापाशीच थांबवा. त्यात चार वेगळे आरोप दडलेले असतात. यंत्रातला प्रोग्राम बदलला, मतदानानंतर यंत्रच बदललं, मोजणीत आकडे फिरवले, किंवा मतदार यादीतच नावं घुसवली. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो. म्हणून एवढंच विचारा, "कोणता मतदारसंघ, कोणतं केंद्र आणि यातला कोणता प्रकार?" उत्तर येईपर्यंत यंत्राची माहिती देत बसू नका.

गावाचं नाव आलं की काम सोपं होतं. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेस उमेदवाराला शून्य मतं पडली, असा दावा फिरला. प्रत्यक्षात गावातल्या चार केंद्रांवर त्याला २२७, २३४, २५२ आणि ३४४ अशी एकूण १,०५७ मतं होती. केंद्रनिहाय मतं फॉर्म २० मध्ये असतात. तो काढा, त्या केंद्रांच्या ओळी दाखवा, बाकी काही लिहू नका.

आकड्यांचे दावे आले तर आधी प्रत्येक आकड्याचं शीर्षक वाचा. त्याच निवडणुकीत ६,४०,८८,१९५ मतं पडली आणि ६,४५,९२,५०८ मोजली गेली, म्हणजे पाच लाख मतं 'वाढली', असं सांगितलं गेलं. पहिला आकडा फक्त यंत्रांवरचा होता, दुसऱ्यात टपाली मतं धरलेली होती. टपाली मतं पाच लाखांवर होती.

संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के मतदान आणि शेवटी ६६.०५ टक्के, या फरकाबद्दल मात्र लोक खरोखर गोंधळतात, तिथे चिडू नका. पाचचा आकडा हा केंद्रांवरून गोळा केलेला अंदाज असतो आणि सहाच्या आत रांगेत उभं राहिलेल्या सगळ्यांना नंतरही मत देता येतं. कायद्याच्या दृष्टीने मोलाचा कागद फॉर्म १७सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यावर किती मतं नोंदली ते लिहितो आणि हजर असलेल्या, उमेदवारांच्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला प्रत देतो. नंतर मतं घातली, असं कोणी म्हणत असेल तर त्या केंद्राचा १७सी आणि मोजणीचा आकडा यांतला फरक मागा. माझ्या मते सगळ्या वादात हा एकच प्रश्न सर्वांत जास्त काम करतो.

फरक निघाला तरी लगेच घोटाळा म्हणू नका आणि लगेच नाकारूही नका. मतदानाच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप (चाचणी) मतदान होतं. ती मतं पुसायची राहिली तर यंत्रातली बेरीज १७सी पेक्षा जास्त येते. २०२४ च्या नियमानुसार असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवत आणि विजयाचं अंतर तिथल्या मतांइतकं किंवा कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजत.

आता आपल्या बाजूची चूक. 'ईव्हीएम कधीच हॅक होऊ शकत नाही' हे वाक्य लिहू नका. २०१० मध्ये हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप खोंग्राइप या संशोधकांनी खऱ्या यंत्राचा डिस्प्ले बदलून, त्यात ब्लूटूथ बसवून, निकाल बदलता येतो हे दाखवलं होतं. त्यामुळे 'यंत्राला वायफाय नाही' एवढ्यावर जाणता माणूस गप्प बसणार नाही. त्या प्रयोगासाठी यंत्र हातात घेऊन उघडावं लागलं, हा खरा मुद्दा. हजारो यंत्रांबाबत तेच करायचं तर कोणतं यंत्र कुठे जाणार हे ठरवणारी दोन वेळची सरमिसळ, प्रतिनिधींच्या सह्यांची सीलं आणि प्रत्येक मतदारसंघात बदलणारा उमेदवारांचा क्रम हे सगळं ओलांडावं लागतं. बचाव या कार्यपद्धतीत आहे, त्यामुळे वादही तिच्यावरच व्हायला हवा.

'लोकसभेला याच मशिनवर तुम्ही जिंकलात' हा टोमणाही सोडा. महाविकास आघाडीने २०२४ ला ४८ पैकी ३० जागा घेतल्या, हे खरं. पण त्यावरून विधानसभेतल्या एखाद्या केंद्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही, फक्त समोरचा दुखावतो.

'बटण एक दाबलं, चिठ्ठी दुसऱ्याची' असा व्हिडिओ आला तर विचारा की नियम ४९एमए खाली लेखी तक्रार झाली का. चिठ्ठी सात सेकंद दिसते. तक्रार केली तर केंद्राध्यक्ष आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते, म्हणून घाबरून कोणी तक्रार करत नाही, असं कोणी म्हटलं तर तो आक्षेप रास्त आहे. तो मान्य करा. महाराष्ट्रात २०२४ ला २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि यंत्रातल्या मतांशी तफावत आढळली नाही, असं निवडणूक आयोगाने जाहीर केलं.

उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवार ठरल्यावर, मतदानाआधी बाहेरून भरली जातात, हाही योग्य प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरणारी युनिटं सील करून ४५ दिवस ठेवायला सांगितलं. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. सीसीटीव्हीसारख्या नोंदी सामान्य माणसाला मिळणं डिसेंबर २०२४ च्या नियमबदलाने कठीण झालं. याबद्दल समोरच्याचा राग खरा असेल तर तसं लिहा. त्याने तुमची बाजू कमजोर होत नाही.

व्हिडिओ पुन्हा शेअर करून खोडू नका, त्याने तोच पसरतो. स्क्रीनशॉट घ्या आणि तारीख पाहा. सय्यद शुजा या व्यक्तीने जानेवारी २०१९ मध्ये लंडनमधल्या कार्यक्रमात यंत्रं हॅक झाल्याचा दावा केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राबद्दल त्याच्याच नव्या दाव्याचा व्हिडिओ फिरला आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. जुना दावेदार नव्या निवडणुकीला चिकटवला जातो, हे ध्यानात ठेवा.

तीन उत्तरांच्या वर जाऊ नका. वाचणारे बाकीचे असतात, त्यांच्यासाठी लिहा. शेवटच्या उत्तरात त्याला मार्ग द्या: "तुमच्याकडे १७सी आणि मोजणीतला फरक असेल तर टाका, मी बेरीज तपासतो. पुरावा पक्का असेल तर त्या मतदारसंघातला कोणताही मतदार निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो." त्याने केंद्राचा क्रमांक दिला तर खरंच तपासा, आणि फरक निघाला तर तुम्हीच आधी सांगा.