आधी धाकटी, मग पाढे

प्रश्न: ताई, आमची तीन मुलं. मोठा ७ वर्षांचा, मधली ५ ची, दोघं घरीच शिकतात, आणि धाकटी २ वर्षांची. साडेनऊला आम्ही टेबलाशी बसतो. बसलो रे बसलो की धाकटी खुर्चीवर चढते, दादाच्या वहीवर रेघोट्या मारते, त्याच्या हातातली पेन्सिल ओढते, मग तो ओरडतो, ती रडते, मी सगळ्यांवरच ओरडते. अकरापर्यंत रेटत राहते पण खरं सांगायचं तर अर्धं पानही होत नाही. टाइमटेबल चारदा बदलून झालं. रात्री मुलं झोपली की रडू येतं, वाटतं मी यांचं नुकसान तर करत नाहीये ना?

उत्तर: तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. टाइमटेबल चारदा बदललं. मला खात्री आहे की चारही वेळा त्यात मोठ्याचं गणित होतं, मधलीची अक्षरं होती, आणि धाकटीचं नाव कुठेच नव्हतं. मी हे इतक्या ठामपणे म्हणतेय कारण माझ्या घरीही दोन वर्षं हेच चाललं होतं, धाकट्याला "कशात तरी गुंतवायचं" एवढाच त्याचा विचार व्हायचा, आणि तो काही गुंतायचा नाही.

दोन वर्षांच्या पोरीला पेन्सिल नको असते हो. तिला तुम्ही हव्या असता. सकाळपासून तुम्ही आवराआवर करताय, मग एकदम तिघं मिळून टेबलाशी बसता, तुमची मान वहीत, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. ती टेबलावर चढणारच.

म्हणून मी सांगेन की उद्यापासून पहिली वीस मिनिटं धाकटीची. वही उघडायच्या आधी. जमिनीवर बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तिला मांडीवर घ्या आणि ती म्हणेल ते करा. तेच पुस्तक सातव्यांदा आणलं तर सातव्यांदा वाचा. मोठी दोघं येऊन बसली तर बसू देत पण ही वेळ तिची आहे हे तिला कळलं पाहिजे. पोट भरल्यासारखं झालं की ती आपणहून उतरून जाते. तासभर नाही जाणार, पंधरा-वीस मिनिटंच जाईल, पण तुम्हाला एका वेळी तेवढीच लागतात, ते पुढे सांगते.

पहिल्या तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही तर सोडू नका, तिलाही विश्वास बसायला वेळ लागतो.

जोडीला एक खोका करा जो फक्त धड्याच्या वेळीच खाली येतो. त्यात महागडी खेळणी नकोत, झाकणाचे रिकामे डबे, कपड्यांचे मोठे चिमटे, रुमाल, जुनी पर्स, असलं. दर दोन दिवसांनी दोन वस्तू बदला. फक्त एवढं बघा की टॉयलेट पेपरच्या रोलच्या आतल्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती या वयाला द्यायची नाही, घशात अडकू शकते. धडा संपला की खोका परत वर.

आता साडेनऊ ते अकराचं. एवढं लांब कशाला? शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिकेनं घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आयुष्यभर काम केलं (१९२३ साली त्या वारल्या), त्यांचा आग्रह असायचा की आठ वर्षांखालच्या मुलाचा एक धडा सहसा वीस मिनिटांच्या वर जाऊ नये. वर्गात जो वेळ जातो तो हजेरीत, वह्या तपासण्यात, आपली पाळी येईपर्यंत थांबण्यात जातो, घरी मूल आणि तुम्ही समोरासमोर असता, तिथे हे काहीच नाही. माझ्या अनुभवात ७ वर्षांच्या मुलाला दिवसाचं एकूण बसून काम तासभर, फार तर सव्वा तास पुरतं, तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि ५ वर्षांच्या मुलीला अर्धा तास म्हणजे डोक्यावरून पाणी.

आणि धडा अर्ध्यात मोडला तर मोडू द्या! हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं स्वतःच अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून करून स्मरणशक्ती तपासली होती आणि १८८५ साली ते छापलं. त्यात दिसलेली एक गोष्ट पुढे अनेकांनी पडताळून पाहिली, की एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढीच उजळणी थोड्या थोड्या दिवसांवर वाटून दिली तर जास्त टिकते. म्हणजे सहाचा पाढा आज सहा चोक चोवीसपर्यंत आला आणि धाकटीनं पाणी सांडलं, तर वही मिटा, पुसायला घ्या, उद्या तिथूनच सुरू करा. काही बिघडत नाही.

दुपारी धाकटी झोपते ना? त्या वेळात भांडी आणि कपडे घुसवू नका, फार मोह होतो मला माहितेय. ज्या एका गोष्टीला मोठ्याच्या शेजारी नीट बसावंच लागतं, बहुतेक गणित, ते तेव्हा. उरलेल्या वेळात तुम्ही पाठ टेका. कपडे ती जागी असतानाच घ्या, तिघांना घेऊन. आमच्याकडे मोज्यांचा ढीग जमिनीवर ओतायचो, धाकटा नुसते फेकायचा, मधली रंग बघून जोड्या लावायची, आणि मोठीला मी विचारायचे, चौदा जोड्या झाल्या तर मोजे किती, आणि एक एकटाच राहिलाय तर एकूण किती. बेचा पाढा तिनं तिथेच पाठ केला, वहीत नंतर नुसता उतरवला.

रात्रीच्या रडण्याबद्दल. दिवसभर तीन मुलांमध्ये एकटं मोठं माणूस असलं की असं होतं, त्यावरून तुम्हाला जमत नाही असं ठरत नाही. मुलांचं नुकसान अर्ध्या पानानं होत नाही. पण हे रोजचंच झालं असेल, मुलं झोपल्यावरही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर नवऱ्याला स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांना भेटा. टाइमटेबल बदलून ते बरं होणार नाही.

प्रश्न: माझी मुलगी ६ पूर्ण झाली, घरीच शिकते. अजून वाचत नाही. घ आणि ध, भ आणि म यांच्यात रोज गोंधळ. घरी कुणी आलं की तिला "वाच बघू हे" म्हणतात आणि ती माझ्या मागे लपते. मी कमी पडतेय का?

उत्तर: नाही हो. आणि तिनं लपावं हे अगदी बरोबर आहे, परीक्षा कुणाला आवडते? पुढच्या वेळी पाहुण्यांना तुम्हीच सांगा, "सध्या आम्ही तिला वाचून दाखवतो, तुम्ही दाखवता का?" आणि पुस्तक त्यांच्या हातात द्या. तिच्या देखत सांगा, तिला ऐकू दे.

आता अक्षरं. या दोन्ही जोड्या एकदा तिच्या नजरेनं बघा. घ ची डोक्यावरची रेघ सलग आहे, ध ची तुटलेली आहे आणि तिथे छोटी गाठ वळलीय. म आणि भ चंही तेच, म वर सलग रेघ, भ वर तुटलेली. सगळा फरक डोक्यावर आहे आणि आपण मुलांना बोट लावून दाखवतो ते मधलं वळण! तिला रेघेवरून बोट फिरवू द्या, "इथे रस्ता सलग, इथे तुटला" असं म्हणत. तळहातावर, पाठीवर, वाळूत, कुठेही. आणि दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका, घ आधी पक्का होऊ दे, ध आठवड्यानं आणा.

विचारायची पण एक रीत आहे, एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची, मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची आपली पहिली शाळा उघडली तिथे ती वापरली. तीन पायऱ्या. आधी आपण सांगायचं, "हा घ". मग "घ कुठाय, दाखव". आणि हे दोन्ही पुरेसं खेळून झाल्यावरच "हे कुठलं अक्षर?" आपण बहुतेक जण थेट तिसरीवर उडी मारतो आणि मूल गप्प बसलं की येत नाही असं समजतो. तिला दुसरी पायरी येत असेल तर ती निम्म्याहून पुढे आलेली आहे.

एकदा डोळे तपासून घ्या मात्र, कानही. अंधुक दिसतंय हे मूल स्वतःहून सांगत नाही कारण त्याला तसंच दिसायची सवय असते. आणि असं करूनही सातव्या-आठव्या वर्षी अक्षर आणि आवाज जुळतच नसेल तर तज्ज्ञांना दाखवायला लाजू नका, त्यात तिचा आळस नसतो आणि तुमची चूकही नसते.

प्रश्न: मी बाबा आहे. ५ आणि ३ वर्षांची मुलं आहेत, बायको घरी शिकवते. संध्याकाळी आल्यावर मी विचारतो, आज काय शिकलात? मुलं "काही नाही" म्हणतात आणि बायकोचा चेहरा पडतो. मी सहज विचारतो, तिला तपासणी वाटते.

उत्तर: दादा, मला पण तपासणीच वाटली असती. दिवसभर राबल्यावर "काही नाही" ऐकायला लागणं फार लागतं.

हा प्रश्न विचारणंच सोडून द्या. बायकोला म्हणा, फ्रिजवर एक कागद लाव आणि दिवसात जे घडेल ते एक ओळ लिही, वहीतलंच पाहिजे असं नाही. "मुंग्यांची रांग बघितली, अर्धा तास." "बुटाची नाडी बांधता आली." तुम्ही आल्यावर ते वाचायचं आणि मुलाला म्हणायचं, चल मला ती रांग दाखव. मग बघा मुलं किती बोलतात, तुम्हाला थांबवता येणार नाही.

आणि सकाळचं तुमच्या हातात आहे. पहिल्या ताईंना मी धाकटीची वीस मिनिटं सांगितलीत ना, तुमच्या घरी ती तुम्ही घ्या. निघायच्या आधी ३ वर्षांच्याला घेऊन जमिनीवर बसा, बूट न घालता, आणि घड्याळ त्याला दिसणार नाही असं ठेवा.