गावाकडची मालमत्ता आणि ब्रिटनमधला बेकारभत्ता

प्रश्न : ब्रिटनमध्ये आम्हा दोघांना कायम वास्तव्याचा परवाना आहे. माझी नोकरी गेली. राहतं घर कर्जावर घेतलंय. पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे, तिथे आई-वडील राहतात. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आम्हा तीन भावंडांची नावं आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट (बचत आणि मालमत्ता पाहून मिळणारा इथला सरकारी भत्ता) मिळेल का? अर्जाआधी फ्लॅट भावाला बक्षीसपत्राने देऊन टाकू का?

उत्तर : बक्षीसपत्र करू नका. भत्ता मिळावा म्हणून मालमत्ता सोडली असं ठरलं, तर ती अजून तुमचीच आहे असं धरून हिशेब होतो. फ्लॅटही जाईल आणि भत्ताही. शिवाय तुम्हाला याची गरजच नसावी. आई किंवा वडील ब्रिटनमधल्या सरकारी पेन्शनच्या वयाचे असतील आणि तेच त्यांचं राहतं घर असेल, तर त्या फ्लॅटची किंमत धरत नाहीत. तुमचं स्वतःचं राहतं घरही, कितीही महाग असलं तरी, हिशेबाबाहेर.

खरी अडचण जमिनीची. वेगळा पुरावा नसेल, तर तिघांचे हिस्से समान मानतात. मात्र अविभक्त हिस्सा विकत घ्यायला बाहेरचा माणूस सहसा धजत नाही, त्यामुळे त्याचा बाजारभाव पूर्ण जमिनीच्या तिसऱ्या भागापेक्षा बराच कमी येऊ शकतो. मूल्यांकन करणाऱ्याला ‘फक्त या हिश्श्याची आजची किंमत’ असं स्पष्ट लिहून मागा. पैसे ब्रिटनला नेण्यावर बंदी नसेल, तर भारतातला बाजारभावच धरतात. त्यातून विक्रीखर्चापोटी १० टक्के आणि जमिनीवर नोंदलेला बोजा वजा होतो. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने वजा होत नाहीत.

समजा, हिश्श्याची किंमत १५,००० पौंड आणि त्यावरचा बोजा १,५०० पौंड. विक्रीखर्चाचे १० टक्के आणि बोजा वजा जाता उरले १२,०००. दोघांची मिळून बचत २,१०० असेल, तर भांडवल १४,१००. पहिले ६,००० माफ. उरलेल्या ८,१०० मध्ये दर २५० किंवा त्याच्या अंशामागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात : ३३ गुणिले ४.३५, म्हणजे १४३.५५. एकूण १६,००० च्या वर गेलं, तर काहीच मिळत नाही. ही मर्यादा जोडप्यालाही तेवढीच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

हिस्सा विकायला काढलात, तर खरे प्रयत्न सुरू केल्यापासून साधारण ६ महिने तो धरत नाहीत. जाहिरात, वकिलाचा पत्रव्यवहार, मुखत्यारपत्र जपून ठेवा. विक्री झाली की आलेली रक्कम लगेच भांडवलात येते.

जमीन लपवू नका. उघड झाल्यावर जास्तीचा भत्ता वसूल होतो, दंडही होऊ शकतो.

प्रश्न : भांडवल १६,००० च्या वर असेल तर काहीच मिळणार नाही का?

उत्तर : ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ हा दुसरा बेकारभत्ता पाहा. तो गेल्या २-३ वर्षांत भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) मिळतो, जास्तीत जास्त ६ महिने. त्यात बचत, जमीन किंवा जोडीदाराचा पगार आड येत नाही. अर्ज वेगळा करावा लागतो, युनिव्हर्सल क्रेडिटच्या अर्जात तो आपोआप होत नाही. म्हणून नोकरी गेल्याबरोबर करा.