जुन्या मोटरसायकलचे ब्रेक होज बाहेरून चांगले दिसतात, तरी बदलावेत का? घरी जमेल का?

हो, बदलाच. रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइल नेणारी नळी, बहुधा आधी आतून खराब होतो. आतला थर फुगला की लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे जातं, पण सोडल्यावर लवकर परत येत नाही. चाक किंचित जाम राहतं आणि लोक उगाच कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) खोलत बसतात. होज वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर आणखी वाट पाहू नका.

घरी जमतं. आधी पेट्रोलच्या टाकीवर जाड कापड घाला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा. बँजो बोल्टच्या (होजचं टोक जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घ्या. जुने दबून चपटे झालेले असतात, तिथूनच गळती सुरू होते. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोराला) आवळा. नवा होज बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, कुठे ताण किंवा घासणं नको.

ब्रेक ऑइल त्याच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच, नव्या सीलबंद डब्यातलं. डॉट ४ च्या जागी डॉट ५ कधीच नको, ते सिलिकॉनचं असतं.

खरा वेळ हवा काढण्यात जातो. लिव्हर दाबून धरा, निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. तरीही लिव्हर मऊ लागला तर बहुधा वरच्या बँजो बोल्टपाशी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो; होजला हलक्या टिचक्या मारत लिव्हर हळूहळू हलवा, तो वर येतो.

लिव्हर दगडासारखा कडक लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.