परत येणारा डबा आणि संध्याकाळची चिडचिड

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी बारावीसोबत नीटची तयारी करते. सकाळी नुसता चहा घेऊन ती कॉलेज रोडवरील क्लासला जाते, डबा बहुधा तसाच परत येतो आणि संध्याकाळी ती क्षुल्लक कारणावरून रडते. हे वयामुळे की खाण्यामुळे?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असू शकतात, म्हणून तिला हट्टी ठरवण्याची घाई कृपया करू नका. बराच वेळ उपाशी राहिल्याने थकवा व चिडचिड येते. त्यातच पाळीमुळे या वयातील मुलींमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते आणि धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही या कमतरतेची लक्षणे घरच्यांना आळस वाटतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, त्यामुळे जेवण व चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. नागलीची भाकरी, मटकीची उसळ आणि वर पिळलेले लिंबू एवढा डबा पुरे, कारण लिंबातील क जीवनसत्त्व कडधान्यातील लोहाच्या शोषणास मदत करते.

वजनावरून टोमणा मात्र नको. डबा परत येण्यामागे जाड होण्याची भीती आहे का, हे तिला एकटीला जवळ बसवून विचारा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर केवळ आहार बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडी आली, तर मात्र त्याच दिवशी मदत घ्या.