लातूरकडच्या लग्नातल्या बँडवर पीएचडी करायची आहे. विंड बँडवरचं (फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडवरचं) परदेशी संशोधन उपयोगी पडेल का?

पडेल, पण अर्धंच. तिकडचा अभ्यास बहुतेक छापील स्वरलिपीभोवती फिरतो: इंग्रज संगीतकार होल्स्टचा बँडसाठीचा १९०९ चा पहिला ‘सूट’ (छोट्या रचनांची मालिका), किंवा कंडक्टर फेनेलने १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयात उभा केलेला वाद्यवृंद, जिथे प्रत्येक ओळीला साधारण एकच वादक. आपल्या वरातीत बहुधा कागदच नसतो. मास्तर क्लॅरिनेटवर मुखडा काढतात, बाकीचे कानाने उचलतात. मास्तरांचा हात वर गेला की ताशा बंद. यालाही कंडक्टिंगच म्हणायचं की, काठी नसली म्हणून काय झालं! संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडवर बरंच काम केलंय, ते आधी वाचा. लग्नसराईत बँडवाल्यांना बोलायला फुरसत नसते, चातुर्मासात गाठा. एखाद्या मास्तरांकडे गाण्यांची वही असेल तर विचारून पानन् पान फोटो काढा.