पत्र्याच्या खोलीत दोन रात्री

प्रश्न : लग्नाला १० वर्षं होतात म्हणून एप्रिलअखेर आम्ही दोघंच इंग्लंडला निघालोय. लंडनबाहेर 'शेफर्ड्स हट'मध्ये राहावं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, एवढे पैसे मोजून पत्र्याच्या खोलीत कशाला राहायचं? तो सहा फूट उंच आहे, तेही सांगून ठेवते. काय करावं?

उत्तर : जा. नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही, खोली पत्र्याचीच असते. दक्षिण इंग्लंडच्या उघड्या टेकड्यांवर मेंढ्या विण्याच्या दिवसांत मेंढपाळाला कळपाजवळच रात्री काढाव्या लागत. त्यासाठी ही चाकांवरची खोली घोडा जुंपून माळावर नेत. लोखंडी चाकं, वर कमानदार पन्हाळी पत्रा, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, कळपावर नजर राहावी म्हणून खिडक्या. गारठलेलं कोकरू उबेला ठेवायची जागाही आतच, बऱ्याचदा पलंगाखाली. आज भाड्याने मिळतात त्या बहुतेक नव्या बांधलेल्या, पण घाट तोच.

आम्हीही एप्रिलातच दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात अशाच खोलीत राहिलो होतो, लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी. पहिल्याच रात्री शेगडीवरून भांडलो. मी हवेची झडप सताड उघडली, लाकडं ठासून भरली आणि अर्ध्या तासात आत भट्टी झाली. एवढ्याशा खोलीला चार लाकडंसुद्धा पुष्कळ होतात. रुसून जायला दुसरी खोली नाही. शेवटी ह्यांनी दाराचा वरचा भाग उघडला (तबेल्याच्या दारासारखं ते आडवं दोन भागांत असतं) आणि आम्ही खालच्या भागावर कोपरं टेकून उभे राहिलो. बाहेर मिट्ट काळोख. एक कोकरू ओरडायचं, जरा वेळाने लांबून त्याची आई जाड आवाजात ओ द्यायची. मग पुन्हा कोकरू, थोडं जवळून. ते दोन आवाज एका ठिकाणी येईपर्यंत आम्ही हललो नाही. इतका वेळ काही न बोलता ह्यांच्या शेजारी मी त्याआधी कधी उभी राहिले असेन, मला आठवत नाही.

आता उंचीचं. पलंग बहुतेक ठिकाणी खोलीच्या रुंदीत आडवा बसवलेला असतो आणि आतली रुंदी साधारण साडेसहा फूट, काही ठिकाणी त्याहूनही कमी. तेव्हा पैसे भरण्याआधी गादीची लांबी विचाराच. भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं, म्हणून ती बाजू गाढ झोपणाऱ्याला द्या. संडास-बाथरूम कुठे आतच असतं, कुठे पन्नास पावलांवर. पहाटेच्या ओल्या गवतातून ते चालणं मला आवडलं, पण सगळ्यांना आवडेलच असं नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, ते आत शिरल्याशिरल्या बघा. धुराडं चोंदलं तर तो वायू वासाने कळत नाही. अलार्म दिसला नाही तर मालकाला विचारायला भीड बाळगू नका, आणि वारा येतो म्हणून हवेची जाळी बुजवू नका.

एप्रिल निवडलात हे फार चांगलं. कोकरं असतात, महिनाअखेरीस झाडीत ब्लूबेल फुलतात आणि रात्र वेळेवर होते. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. तारे बघायचे तर क्रॅनबोर्न चेसचा परिसर शोधा; २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह'चा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला. तिकडे जायला लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून रेल्वेने सॉल्सबरीला दीडेक तासात पोचता, पुढे टॅक्सी करा. उजेडातच पोचा, आडरस्त्यांना दिवे नसतात. वाटेतलं फाटक उघडलंत तर पुन्हा लावा. कोकरू कितीही गोड दिसलं तरी उचलायला जाऊ नका. दिवस गेलेले असतील तर विणाऱ्या मेंढ्यांपासून लांबच राहा.

एकच रात्र मात्र घेऊ नका. पहिली शेगडी समजून घेण्यात जाते. दुसऱ्या रात्री आम्ही दोनच लाकडं घातली आणि दाराचा वरचा भाग निजेपर्यंत उघडा ठेवला.