सिक्वेल, उत्तरार्ध की पुढचा भाग?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिला 'चाहत्यांना हवे असलेले, पण अजून न आलेले सिक्वेल' या विषयावर लेख लिहायचा आहे. 'सिक्वेल'ला मराठीत उत्तरार्ध म्हणावं, उत्तरभाग म्हणावं की सरळ पुढचा भाग म्हणावं? आणि ज्या चित्रपटाची अजून घोषणासुद्धा झालेली नाही, त्याला 'बहुप्रतीक्षित सिक्वेल' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पहिलं जरा लांबेल.

उत्तरार्ध आधी बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त चुकीचा वापर त्याचाच होतो. उत्तरार्ध म्हणजे नंतरचं अर्धं. त्यात 'अर्ध' आहे, म्हणजे मूळ वस्तू एकच असायला हवी आणि तिचे दोन तुकडे झालेले असायला हवेत. शिवाय चित्रपटाच्या बाबतीत हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. 'पूर्वार्ध खुसखुशीत, उत्तरार्धात मात्र गाडी रेंगाळते' हे वाक्य परीक्षणांत इतक्यांदा येतं की उत्तरार्ध म्हणजे मध्यंतरानंतरचा भाग, हे वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. 'टाईमपासच्या उत्तरार्धात' असं लिहिलंत तर वाचक २०१४ च्या चित्रपटाची दुसरी रीळं आठवेल, २०१५ मध्ये आलेला 'टाईमपास २' नाही. हा शब्द नेमका कुठे बसतो, तर 'बाहुबली'ला. तिथे गोष्ट एकच होती आणि ती मधोमध कापली होती. कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं, हे २०१५ मध्ये विचारून २०१७ मध्ये सांगितलं. दोन वर्षांचं मध्यंतरच म्हणा ना. कादंबरीत अशा वेळी आपण 'खंड' म्हणतो. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड आहेत, पण दुसऱ्या खंडाला कुणी पहिल्याचा सिक्वेल म्हणत नाही.

उत्तरभाग हा शब्द निर्दोष आहे आणि त्याचं कूळही मोठं आहे. भवभूती आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा. त्याने 'महावीरचरित' लिहिलं. त्यात रामकथा राज्याभिषेकापर्यंत येऊन थांबते. मग त्यानेच 'उत्तररामचरित' लिहिलं. या 'उत्तर'चा 'जबाब'शी काही संबंध नाही. रामाचं नंतरचं चरित्र, एवढाच अर्थ. त्याचा पहिला अंक चित्रदर्शनाचा म्हणून ओळखला जातो: लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं दाखवत जातो आणि ती दोघं मागचं सगळं पुन्हा आठवतात. मालिकेच्या सुरुवातीला 'मागील भागात आपण पाहिलंत' येतं, त्याचा इतका देखणा अवतार मला तरी दुसरा माहीत नाही. शेवटही बघा. वाल्मीकींकडे सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने नाटकाच्या शेवटी राम-सीतेची भेट घडवून आणली. चाहत्यांच्या मनातला शेवट म्हणतात तो हाच. आठव्या शतकाच्या सुमाराची ही गोष्ट.

एवढं असूनही तुमच्या लेखात मी 'उत्तरभाग' वापरणार नाही. उत्तर म्हटलं की आजच्या वाचकाला एक तर दिशा आठवते नाही तर उत्तरपत्रिका. 'सैराटचा उत्तरभाग' वाचून कुणालाही क्षणभर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा दिसेल.

हिंदीतून आलेली 'पुढची कडी' तर नकोच. मराठीत कडी दाराला असते, नाही तर एकाने दुसऱ्यावर कडी केलेली असते. आणि पहिल्यावर कडी करणारे सिक्वेल किती, हे तुम्हीच मोजा.

राहिला 'पुढचा भाग'. साधा, घरगुती, सगळ्यांना कळणारा. पण तो लावायची एक अट आहे: 'मग पुढे काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रपटात मिळायला हवं. 'मुंबई-पुणे-मुंबई' घ्या. २०१० च्या पहिल्या चित्रपटात तो आणि ती दिवसभर पुण्यात हिंडतात, भांडतात, पण शेवटपर्यंत आपल्याला त्यांची नावंसुद्धा कळत नाहीत. २०१५ च्या दुसऱ्या चित्रपटात ती दोघं गौतम आणि गौरी झाली, कारण आता घरची माणसं आली, लग्नाची बोलणी आली; पत्रिका छापायची तर नाव लागणारच. २०१८ मध्ये तिसरा आला तेव्हा पाळणा हलायची वेळ झाली होती. दिग्दर्शक तिन्ही वेळा सतीश राजवाडे, जोडी तीच, काळ सरळ पुढे सरकलेला. हा शंभर टक्के पुढचा भाग. रंगभूमीने तर हा शब्द थेट नावातच घेतला: 'एका लग्नाची गोष्ट'नंतर प्रशांत दामले आणि कविता लाड यांचं नाटक आलं, 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. इतकं चांगलं मराठी समोर असताना आपण शब्दकोश कशाला चाळतो?

नुसत्या '२' वर मात्र विश्वास ठेवू नका. 'अगं बाई अरेच्चा!' २००४ मधला आणि 'अगं बाई अरेच्चा २' २०१५ मधला. दिग्दर्शक केदार शिंदेच, पण दुसऱ्यात गोष्ट वेगळी, माणसं वेगळी. 'धडक' हा 'सैराट'चा हिंदी अवतार, पण २०२५ मधला 'धडक २' बेतला आहे 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटावर. मालिकांमध्ये तर 'रात्रीस खेळ चाले'ने कमालच केली. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक गेल्यानंतरची गोष्ट होती आणि २०१९ चं दुसरं पर्व होतं त्याच्या आधीचं, अण्णा आणि शेवंताचं. म्हणजे क्रमांक दोन, पण गोष्ट मागची. त्याला पुढचा भाग म्हणणं म्हणजे उलटंच झालं. तिथे 'पूर्वकथा' हा शब्द हवा. म्हणून '२' दिसला की 'दुसरा भाग' म्हणा. दुसरा हा फक्त क्रम सांगतो, पुढचा हा नातं सांगतो.

हा '२' वाचायचा कसा, हेही जाता जाता. लिहिताना आकडा देवनागरी, बोलताना मात्र 'टू'. तिकीट खिडकीवर 'झिम्मा टूची दोन द्या' असं माणूस एका दमात म्हणतो आणि त्यात त्याला काहीच खटकत नाही. खटकूही नये. टू हा तिथे आकडा राहिलेला नाही, तो नावाचा भाग झाला आहे. मोजायचं काम दोन करतो.

आता तुमच्या लेखाचा खरा विषय: चाहत्यांना हवं तरी काय असतं? माझं म्हणणं असं की 'सिक्वेल हवा' या एकाच वाक्यात दोन वेगळ्या मागण्या असतात, आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. एक 'पुढे', दुसरा 'पुन्हा'.

'सैराट' पाहून बाहेर पडलेल्या माणसाला 'पुढे' हवं असतं. रक्तात भिजलेल्या पावलांचे ठसे उमटवत चालत जाणारं ते लेकरू, त्याचं काय झालं? 'फिर हेरा फेरी'चंही तसंच. बंदुका पाण्यात टाकायला निघालेला राजू, त्या करोडोंच्या आहेत हे कळल्यावर त्याला अडवायला धडपडणारे श्याम आणि बाबूराव, वाजणारा फोन, आणि तिथेच चित्रपट संपतो. २००६ पासून लोक त्या फोनपाशी अडकून बसले आहेत.

'अशी ही बनवाबनवी'चा सिक्वेल मागणाऱ्याला मात्र पुढे काही नको असतं. त्या गोष्टीत उरलंच काय आहे? सोंगं उघडी पडली, लग्नं ठरली, सगळं गोड झालं. त्याला हवा असतो तोच बंगला, तीच पळापळ, आणि दारात येऊन 'धनंजय माने इथेच राहतात का?' विचारणारा कुणीतरी. चौघांपैकी लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ मध्येच गेले. सरपोतदार झालेले सुधीर जोशीही नाहीत. म्हणजे ही मागणी १९८८ परत आणून देण्याची आहे. तिला 'पुढचा भाग' कसं म्हणायचं? ते 'पुन्हा' आहे.

'लगे रहो मुन्नाभाई' याच जातीचा. मुन्ना तोच, सर्किट तोच, पण पहिल्या चित्रपटातल्या डॉक्टर सुमनचा दुसऱ्यात पत्ताच नाही. तिचं काय झालं, असं कुणी विचारलं का? नाही, कारण लोकांना मुन्ना पुन्हा हवा होता आणि तो मिळाला. मराठीत अलीकडे हा शब्द शीर्षकातही आला: 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' २००९ मध्ये, आणि २०२५ मध्ये 'पुन्हा शिवाजीराजे भोसले'. तिथे ना आकडा, ना भाग. नुसत्या 'पुन्हा'ने काम भागलं.

काही चित्रपट दोन्हींच्या मध्ये उभे असतात. 'झपाटलेला'त तात्या विंचूचा जीव बाहुल्यात शिरला होता, त्यामुळे तो 'पुन्हा' येऊ शकतो ही सोय महेश कोठारेंनी १९९३ मध्येच करून ठेवली होती. २०१३ च्या दुसऱ्या भागात बाहुला तोच, रामदास पाध्यांच्या हातचा. पण समोर लक्ष्याचा मुलगा. खलनायक पुन्हा, नायक पुढचा. 'नवरा माझा नवसाचा'नेही २००४ ची एसटी सोडून २०२४ मध्ये कोकण रेल्वे धरली आणि नवस लेक-जावयाकडे गेला. गणपतीपुळे मात्र जागच्या जागी.

तर 'बहुप्रतीक्षित' का नको? प्रतीक्षा म्हणजे वाटेकडे डोळे लावणं. त्यासाठी समोरून कुणीतरी निघालेलं असावं लागतं. 'तुंबाड'चं उदाहरण घ्या. २०१८ चा हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, आणि त्याच वेळी सोहम शाहने 'तुंबाड २' जाहीर केला. त्या दिवसापासून तो प्रतीक्षित. त्याआधी तो फक्त हवाहवासा होता. एरवी 'बहुप्रतीक्षित' हा शब्द प्रसिद्धिपत्रकांनी इतका झिजवला आहे की ज्याची कुणीही वाट पाहत नव्हतं, तो प्रत्येक चित्रपट बहुप्रतीक्षित म्हणूनच येतो.

'अपेक्षित' त्याहून फसवा. 'सैराटचा सिक्वेल अपेक्षित आहे' असं लिहिलंत तर वाचक समजेल की तो येऊ घातला आहे. विदर्भात पाऊस अपेक्षित आहे, तसा. जाहीर होऊनही न आलेल्यांसाठी मात्र मराठीत शब्दांची चंगळ आहे, आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. काम सुरू आहे पण सरकत नाही तो रखडला. 'हेरा फेरी'चा तिसरा भाग असा रखडत आला. २०२५ मध्ये परेश रावल त्यातून बाहेर पडले आणि काही आठवड्यांतच परतले, त्याचीही बातमी झाली. ज्याची झलक दाखवून झाली आणि पुढे काहीच घडलं नाही, तो बारगळला: 'मुन्नाभाई चले अमेरिका'. प्रलंबित मात्र कोर्टातले दावे असतात, चित्रपट नाही.

आणि जो फक्त चाहत्यांच्या मनात आहे, त्याच्यासाठी विशेषण शोधत बसूच नका. मराठीत ही इच्छा क्रियापद फार छान पेलतं. 'यावा', 'यायला हवा', 'आला तर काय बहार होईल', 'नाही आला तरच बरं'. शेवटचंही लेखात ठेवा. 'बनवाबनवी'ला हात लावू नका म्हणणारे चाहते मागणी करणाऱ्यांपेक्षा कमी नसतील.

राहता राहिला खुद्द 'सिक्वेल'. तो खुशाल वापरा, विटाळ मानायचं कारण नाही. लॅटिनमध्ये मागोमाग जाणं असा अर्थ असलेल्या क्रियापदापासून तो इंग्रजीत आला, आणि त्या क्रियापदाचं मूळ आपल्या संस्कृत 'सच्' धातूशी जुळतं. 'सच्' म्हणजे सोबत असणं, ज्यापासून 'सचिव' झाला. मंत्रालयातले सचिव आणि 'टाईमपास ३' हे लांबचे भाऊबंद निघाले, याची मला अजून मौज वाटते. लिंग पुल्लिंगीच ठेवा, 'सिक्वेल आला'. 'सिक्वेल आलं' कानावर येतं, पण भाग, चित्रपट, सिनेमा हे सगळे पुल्लिंगी असताना हा एकटाच नपुंसक कशाला? अनेकवचनात 'सिक्वेल्स' नको. देव आला-देव आले, तसा सिक्वेल आला-सिक्वेल आले. पहिली वेलांटी ऱ्हस्व: तत्सम नसलेल्या शब्दांत जोडाक्षरापूर्वीचा इकार-उकार मराठीत सहसा ऱ्हस्व लिहितात, विस्तव, मुक्काम, तसंच सिक्वेल. इंग्रजी उच्चार दीर्घ आहे म्हणून 'सीक्वेल' लिहिणारेही पुष्कळ आहेत. एक काहीतरी धरा आणि लेखभर तेच ठेवा.

मला विचाराल तर लेखाचे दोन भाग करा. एकाचं शीर्षक 'पुढे काय झालं?', दुसऱ्याचं 'पुन्हा एकदा'. बाबूराव गणपतराव आपट्यांना कोणत्या यादीत घालायचं ते तुम्ही ठरवा. मला ते दोन्हीकडे हवेत.